पांगुळगाड्याची कुरकुर

आमच्या वाडीत एक म्हण अजून चालते. कुणी विहिरीवरचा पंप दुरुस्त करून द्यावा आणि तो संध्याकाळी पुन्हा बंद पडावा, कुणी मुलीसाठी स्थळ पाहून यावं आणि मागाहून त्या स्थळाच्या दारूच्या कथा ऐकू याव्यात, की पडवीतला एखादा म्हणतो, “आत्यानं बघितलं व्हतं काय?” आणि सगळे हसतात. हसणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना ही आत्या कोण ते माहीतही नसतं.

ती माझी आत्या. वडिलांची सख्खी बहीण. आणि म्हण खोटी आहे. आत्यानं बघितलं होतं, नीट बघितलं होतं. हे एकट्या मला माहीत होतं आणि मी साठ वर्षं त्याबद्दल तोंड उघडलं नाही. आता माझे दातही बरेचसे गेलेत, तेव्हा तोंड मिटून धरण्यात फारसं काही राखलंही जात नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. गाडीरस्ता सोडून चढ चढलं की लागते. माझ्या तरुणपणी प्रत्येक घरातला एकदोन पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. ते शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला येत, आणि येताना पत्र्याच्या ट्रंकेत पोरांसाठी खेळणी आणत. ही खेळणी पोरांच्या हाती पडण्याआधी आमच्या घरी येत, आत्यापुढे. असं कुणी ठरवलं होतं हे विचारायचं नाही. आत्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत कपाळ पुसून माहेरी आली होती. पोटी मूल नव्हतं. त्यामुळे की काय, वाडीतल्या एकूण एक पोराच्या तोंडात काय जातं आणि हाताला काय लागतं, यावर तिचा पहारा असे.

शेजारच्या काकांनी एकदा चावीची मोटर आणली. लाल, चकचकीत. काकी, म्हणजे त्यांची बायको, नात्यानं काकी असली तरी माझ्याहून थोडीच मोठी होती. ती मोटर पदराखाली झाकून घेऊन आली, जशी काही सोन्याची पुतळी. मागोमाग काका, मुंबईचा बूट वाजवत.

आत्यानं मोटर घेतली आणि तिच्या कडेवरून आधी बोट फिरवलं, मग गाल.

“कड धरते,” ती म्हणाली.

“आत्या, जपानी माल हाय! ममईत लोक लायनी लावून घेतात.”

“घ्यायला लायनी लावतात. बोट कापल्यावर लाइन कुठं लावायची रे?”

“पण जपानची—”

“जपानची असू दे नायतर जावळीची, रगत आपल्याच पोराचं येणार.”

आणि तिनं वरवंटा घेऊन मोटरची प्रत्येक कड ठोकून आत वळवली. काका डोळे मिटून उभे होते. मोटर परत मिळाली तेव्हा ती कशेडी घाटात उलटून आल्यासारखी दिसत होती. चावी दिली की चालायची, पण थोडी तिरकी. पोराला त्याचं काही वाटलं नाही. उलट मोटर कुठे वळेल ते सांगता येत नसल्यानं त्याला ती जास्तच आवडली. काका मात्र पुढच्या खेपेला फक्त बिस्किटं घेऊन आले.

तिच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. रंगीत लाकडी खेळणं आलं की ओल्या फडक्याला चिंच लावून चोळायचं. फडक्याला रंग उतरला तर तो पोटातही उतरणार, म्हणून राख घेऊन सगळा रंगच घासून काढायचा. एक हिरवागार पोपट असा घासला गेला की शेवटी तो पोपट आहे हे चोचीवरून ओळखावं लागे. कापडी बाहुलीला मण्यांचे किंवा बटणांचे डोळे असले की ते कात्रीनं काढून तिथे काळ्या दोऱ्यानं टाके घालायची. एकाच हाताचे टाके असल्यामुळे वाडीतल्या सगळ्या बाहुल्या एकाच आईच्या पोटच्या वाटत आणि सगळ्याच जरा रागावलेल्या दिसत. बारीकसारीक वस्तूंसाठी तिच्याकडे तान्ह्या पोराची चांदीची बिंदली होती, कुणाच्या मनगटातून उतरलेली कोण जाणे. जे बिंदलीतून आरपार जाईल ते पोराच्या घशातूनही जाईल, हा नियम. त्याला अपवाद नव्हता. देवाच्या मूर्तीला असता तर तिनं तोही तपासून मगच दिला असता.

कचकड्याच्या बाहुलीची गोष्ट मात्र वाडीला पटायला वेळ लागला. मुंबईहून गुलाबी गालांची एक बाहुली आली होती. आत्यानं तिच्या टाचेचा नखाएवढा तुकडा कापला आणि निखाऱ्यावर टाकला. भस्सकन ज्वाळा उठली. बाहुलीची मालकीण पोरगी भोकाड पसरून रडली आणि तिच्या आईनं आत्याला घर डोक्यावर घेऊन ऐकवलं. पण चुलीपाशी बसून खेळणाऱ्या त्या पोरीला कचकडं कसं पेटतं हे एकदा दिसलं ते बरंच झालं. मग बाहुली फळीवर चढली. खेळायचं तर उजेडात, अंगणात, आणि घरात विस्तव असेल तिकडे फिरकायचं नाही. एकूण काय, आमच्या वाडीत लहानपण जरा बेचव होतं, पण बोटं सगळ्यांची दहाच्या दहा शाबूत होती.

खेळणी नुसती तपासून ती थांबत नसे. पावसाळ्याआधी सगळ्या घरांतली लाकडी खेळणी उन्हात टाकायला लावी. मृग लागला की ती चुलीवरच्या माळ्याखाली टांगून ठेवायची, बुरशी धरू नये म्हणून. बाहुल्या उसवून आतला सावरीचा कापूस बदलायचा, कारण त्यात उंदरीण बाळंत होते. मोडकं खेळणं घरात ठेवायचं नाही, ते शिमग्याला होळीत द्यायचं.

आता पांगुळगाड्याकडे येतो. आलंच पाहिजे.

वाडीत पांगुळगाडा एकच होता. शिवणीच्या लाकडाचा, तीन चाकांचा, वर धरायला आडवा दांडा. ज्या घरात पोर उभं राहायला लागेल त्या घरी तो जाई. पोर सुटं चाललं की ते घर गाडा पुढच्या घरी देत नसे. तो आधी आत्याकडे यायचा. ती तपासायची, आणि मग पुढच्या घरानं नारळ ठेवून न्यायचा. गाडा मागायचा नाही आणि अडवायचा नाही, अशी रीत. माझे वडील त्याच गाड्यावर चालायला शिकले, मीही शिकलो. कुणी बनवला होता ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

तो कुरकुरायचा. लाकडाच्या आसावर लाकडाची चाकं, त्यात आत्या ते आस पाण्यानं भिजवून आणखी घट्ट करून ठेवायची. पोरानं जोर लावला की गाडा वीतभर सरकायचा आणि दुखऱ्या गुडघ्याच्या म्हाताऱ्यासारखा कण्हायचा. चुलीपुढे बसलेल्या आईला पोर अंगणात कुठे आहे ते बसल्या जागी कळे.

“बोबडा हाय,” आत्या म्हणायची, “पण खरं बोलतो. त्याला तेल दावायचं नाय.”

हे मी कितीदा ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असा आव मी इथे आणणार नाही.

त्या वर्षी मी महाडला बाजारपेठेत शिलाई मशीन विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कामाला लागलो होतो. लोक खिशाला पेन लावतात तशी मी लांब नळीची तेलाची कुपी लावून हिंडत असे. माझ्या प्रत्येक शर्टाच्या खिशाखाली एक काळपट डाग होता आणि मला तो पदकासारखा वाटे. सुटीला वाडीत आलो की घरात जे जे वाजेल त्याला मी तेल घालायचो. दाराच्या बिजागऱ्या, विहिरीचा रहाट, वडिलांची छत्री, अडकित्ता. अडकित्त्याला घातल्यापासून वडिलांच्या सुपारीला मशीनचा वास यायला लागला आणि त्यांनी माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं.

दादा, माझा थोरला भाऊ, म्हणाला, “सगळं घर मुकं केलंस. चोर आला तर आता त्यानंच हाक मारायची, आलोय म्हणून.”

मी हसलो. मला ते कौतुकच वाटलं.

फाल्गुन लागला होता. दादाची पोरगी भिंत धरून उभी राहायला लागली होती, आणि गाडा शेजारच्या काकींकडून मोकळा होऊन आमच्याकडे आला. त्या दिवशी मी घरी होतो, पडवीत आडवा पडून. तुडील गावाहून लग्नासाठी मला पाहायला लोक येणार होते आणि त्या विचारानं मी नुसताच लोळत होतो. आत्या गाडा तपासत होती ते मी पाहिलं. तिनं तो उलटा केला, हलवला. सगळ्या लाकडावरून पदर फिरवला. एका जागी पदराचा धागा अडकला, तिथे खरवताचं खरबरीत पान घेऊन घासलं आणि पुन्हा पदर फिरवला. मग चाकं जागेवर धरणारी एकेक खुंटी तिनं बोटांत धरून ओढली. जोर लावून ओढली, ओठ दुमडून. एकही हलली नाही.

“झाला,” ती म्हणाली. “पोरीला घ्या.”

सकाळभर पोरगी गाड्यामागून हिंडली. कुर्र. थांबायची. कुर्र. दुपारी जेवणं झाल्यावर पुन्हा कुर्र. माझा डोळा लागेना. मग वहिनीनं पोरीला झोपवायला आत नेलं. मी उठलो, गाडा मागीलदारी नेला, खुंट्या दगडानं ठोकून बाहेर काढल्या, आसांत तेल सोडलं आणि खुंट्या अंगठ्यानं दाबून परत बसवल्या. चाक फिरवून पाहिलं. ते फिरतच राहिलं, आवाज न करता. इतका आनंद मला त्या वर्षी दुसऱ्या कशाचा झाला नसेल, अगदी तुडीलचा होकार आला त्याचासुद्धा नाही. गाडा जागेवर ठेवून मी येऊन झोपलो, आणि छान झोपलो.

उन्हं कलल्यावर पोरगी उठली. आत्या पडवीत अंगणाकडे पाठ करून तांदूळ निवडत होती, कान गाड्याकडे ठेवून. वहिनी चुलीपाशी, तिचेही कान गाड्याकडे. पोरीनं दांडा धरला आणि रोजच्या सवयीनं सगळं अंग टाकून ढकललं. गाडा सुटला. आमचं अंगण दगडी कुंपणाच्या गडग्याकडे उतरतं आहे, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. पोरीचे पाय मागे राहिले, हात दांड्यावर राहिले. खुंटी उडाली, चाक निसटलं, आणि पोरगी गडग्याच्या दगडावर हनुवटीवर आपटली.

पहिला आवाज आला तो तिच्या किंकाळीचा.

दादानं तिला उचललं आणि उतार उतरून रस्त्यावर धावला. मी मागे. एक ट्रक मिळाला, महाडला डॉक्टरांनी टाके घातले. हनुवटी वाचली, दात वाचले, खूण राहिली. परत आलो तेव्हा अंगणात अर्धी वाडी जमली होती आणि मधोमध ते चाक पडलं होतं, धुळीनं माखलेलं. आस काळा तेलकट झाला होता, पण आमच्या घरात तोवर सगळंच तेलकट झालेलं होतं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

दादा तापट. त्यानं चाक उचललं. “खुंटी सैल व्हती. कुणी बघितला व्हता गाडा?”

“मी,” आत्या म्हणाली.

दादाला ते अपेक्षित होतं, तरी ऐकल्यावर त्यानं चाक खाली ठेवलं. मी दाराला टेकून उभा होतो, खिशात कुपी. त्या वेळी मी बोलायला तोंड उघडलं होतं पण शब्द फुटला नाही, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. तोंड उघडलं नव्हतं. तुडीलचे लोक यायचे होते, आणि ‘मुलगा मशिनीतला जाणकार आहे’ एवढ्या एका वाक्यावर माझं सगळं स्थळ उभं होतं.

रात्रीच्या जेवणाआधी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या मांडीवर ती सुटलेली खुंटी होती.

“मी हिला ओढून बघितली व्हती ना रे?” तिनं विचारलं. “तू व्हतास पडवीत.”

“मी झोपलो व्हतो, आत्या.”

“व्हय. दमलेला असतोस.” मग खुंटी फिरवत, “उन्हानं लाकूड आकसतं. मला कळायला नको?”

माझी चूक झाकायला कारणसुद्धा तिनंच शोधून दिलं. मी ते घेतलं. वाडीनंही घेतलं.

शिमग्याला तिनं गाडा स्वतः उचलून होळीत दिला. दादा म्हणत होता, नवं चाक बसवू. ती ऐकेना. संध्याकाळी होळी पेटली तेव्हा पोरं बोंबा मारत होती, आणि त्यातल्या कुणीतरी आरोळी ठोकली, “आत्यानं बघितला, होळीत घातला!” दुसऱ्यानं उचलली, तिसऱ्यानं ताल धरला. शिमग्यात कुणी रागवायचं नसतं. आत्याही हसली. मी पुढच्या रांगेत उभा राहून शिवणीचं लाकूड जळताना बघत होतो आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटत होतं. ते तेलकट आस चांगले भडकले. त्या आरोळीची पुढे म्हण झाली.

मे महिन्यात शेजारच्या काकांनी पत्र्याचा घोडा आणला. काकी तो घेऊन आमच्या पडवीवरून चालली होती. आत्यानं सवयीनं हात पुढे केला आणि घोडा घेतला. काकीनं तो तिच्या हातातून ओढून घेतला. ओढून घेतला असं मी म्हणतो, कारण तसाच घेतला. वर गोड बोलली, “असू दे गो आत्या. तुमच्या डोळ्यांना कशाला तरास.”

आत्याचे डोळे असे होते की तिन्हीसांजेला, दिवा न लावता ती सुईत दोरा ओवायची.

तिनं तेव्हापासून खेळणी घेणं सोडलं. कुणी आणलंच तर म्हणायची, “माझ्या पुतण्याकडं न्या. तो मशिनीतला हाय.” आणि माणसं खरंच माझ्याकडे यायला लागली! मी सुटीला आलो की पडवीत बैठक मारायचो आणि मुंबईच्या खेळण्यांवर निकाल द्यायचो. मला मान मिळायचा, चहा मिळायचा. काका तर म्हणाले की शिकलेल्या माणसाची तपासणी वेगळीच असते, वरवंटा लागत नाही. आत्या बाजूला काहीतरी निवडत बसलेली असे आणि माझ्याकडे न बघता पुटपुटे, “कड बघितलीस?” “हां, हां.” “मागची?” मागची मी बघितलेली नसायची. मग बघायचो. “त्या घुंगराचं तोंड उघडं हाय.” खरंच असायचं. माझ्या कारकिर्दीत वाडीत एकाही पोराला खेळण्यानं इजा झाली नाही याचा लोक माझ्या नावानं गौरव करत. ती जवळ बसलेली असताना इजा होणार कशी? तिला या सगळ्यात कुणी विचारलं नाही, आणि मी तर नाहीच.

सांगेन, सांगेन असं मनात चालायचं. लग्न झाल्यावर सांगू. दादाचा राग निवळल्यावर सांगू. एकदा तर मी तिच्यासाठी महाडहून साखरेच्या गाठी घेऊन गेलो, त्याच दिवशी सांगायचं ठरवून. तिनं गाठी खाल्ल्या, “कशाबद्दल रे?” विचारलं, आणि मी म्हणालो, “सहज.” पुढे एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन ती गेली. दहाव्याला सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलले. बाई करारी, बाई मायाळू. “शेवटी डोळ्यांनी दगा दिला तेवढाच,” कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असेन.

यानंतरची वर्षं मी सोडून देतो. त्यांत मी मोठा झालो, म्हातारा झालो, स्वतःच्या नातवंडांची खेळणी चोळून, ओढून, गालावर फिरवून बघत आलो आणि घरच्यांच्या चेष्टेचा विषय झालो. आत्या मात्र म्हणीत अडकून राहिली.

गेल्या गणपतीला आम्ही सगळे वाडीत होतो. दादाची ती पोरगी आता साठी ओलांडलेली, डोंबिवलीत राहते, आजी आहे. तिच्या नातीनं तिच्या हनुवटीवरच्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे.

“लहानपणी पडले,” पुतणी म्हणाली. “आमची एक आत्याआजी होती ना, ती सगळी खेळणी तपासायची. पण म्हातारी झाली होती. तिला दिसलं नाही.”

नातीनं मान डोलवली. चौथ्या पिढीला म्हण पोचती झाली. मी समोर बसलो होतो. काय झालं माहीत नाही, मी म्हणालो, “तिला दिसलं होतं. खुंट्या मी काढल्या होत्या. चाकाला तेल मी घातलं.”

पुतणीला आधी हसू आलं. “तेल? मशीनचं? काका, तुम्ही आमच्या आजोबांच्या सुपारीलासुद्धा—” मग तिचं हसू उतरलं. ती खुणेवरून बोट फिरवत राहिली. “पन्नास-साठ वर्षं मी आत्याआजीला माफ करत आले,” ती म्हणाली. “फुकटच की.”

मी हात जोडले.

“मला सांगून काय होणार? चला उठा. काकीआजीला सांगा.”

घोडा ओढून घेणारी ती काकी. नव्वदीला आली आहे आणि तिच्या पडवीतून हलत नाही, म्हणून आरतीला सगळे तिच्याकडेच जमतात. कान अगदी गेलेत. म्हणजे तिला काहीही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं. माझ्यासारख्या माणसानं साठ वर्षं जपून ठेवलेली गोष्ट तिच्यापाशी हळूच सांगायची सोयच नव्हती. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. आरतीला जमलेली पोरं, बायका, मुंबईकर, सगळे वळून बघायला लागले.

“म्हंजे तिनं गाडा बघितला व्हता?” काकी म्हणाली.

“बघितला होता!”

“खुंट्या?”

“ओढून बघितल्या! माझ्यासमोर!”

काकीनं आपले दोन्ही तळवे उघडून पाहिले.

“मी तिच्या हातातनं घोडा ओढून घेतला रे,” ती म्हणाली. “म्हातारीला दिसत नाय, म्हणून सगळ्या वाडीला मीच सांगितलं. पाणवठ्यावर सांगितलं.” आणि मग माझ्याकडे पाहून, “मेल्या, तुझ्या एका गप्प बसण्यानं मला किती बोलायला लावलंस. आता तिला कुठं गाठू मी?”

मला वाटत होतं, पाप माझं एकट्याचं आहे आणि मी ते एकटा वाहतो आहे. त्यात थोडा अभिमानही होता, आता कळतं. ते काकीकडे होतं, पुतणीकडे होतं, होळीत आरोळी देणाऱ्या पोरांकडे होतं. मी सगळ्या वाडीला वाटून दिलं होतं आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

काकीनं शिक्षा तिथेच सुनावली. गणपती असेपर्यंत रोज आरती झाली की प्रसाद वाटायच्या आधी मी उभं राहून सांगायचं, काय झालं ते. पहिल्या दिवशी लोक गंभीरपणे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी एक मुंबईकर मागून म्हणाला, “आजोबा, शॉर्टमध्ये सांगा, मोदक थंड होतात.” तिसऱ्या दिवशी तर पोरंच माझ्याआधी सांगायला लागली, “मग आजोबांनी खुंटी काढली!” पंप दुरुस्त करणारा एक तरुण आहे, ही म्हण सगळ्यांत जास्त त्याच्याच कामावर वापरली जाते. तो म्हणाला, “मंग आता म्हण बदलायची काय?”

“बदला की,” पुतणी म्हणाली. “काम बिघडलं तर म्हणा, काकांनी तेल घातलं होतं काय?”

लोक हसले, मीही हसलो. विसर्जनाच्या दिवशी पंपवाल्याच्या कामाबद्दल ती नवी म्हण वापरलेली मी स्वतःच्या कानांनी ऐकली. मला ती मान्य आहे.

त्याच दिवशी शेवटची आरती झाल्यावर मी उभा राहिलो आणि पुन्हा सुरुवात केली. एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं, म्हणून मी जरा भरभर, खालच्या आवाजात म्हणून टाकत होतो. काकीनं काठी आपटली.

“मोठ्यानं सांग,” ती म्हणाली.

“काकी, सगळ्यांनी ऐकलंय,” मी तिच्या कानाशी ओरडलो.

“त्यांच्यासाठी नाय सांगत. आत्याचे कान चांगले व्हते, पण ती लांब गेलीय.”